साडूंची रुतायची हौस

चिखलात, वाळूत, खड्ड्यात अडकू नये म्हणून गाडी घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील. अडकायला मिळावं म्हणून गाडी घेतलेला माणूस मात्र अख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, ती त्यांची बायको. मी त्यांना दादा म्हणतो, आणि मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. देह धिप्पाड, गळ्यात सोन्याची साखळी आणि आवाज असा, की कामतघरात कापडाचे शंभर लूम धडधडत असतानाही पलीकडच्या गल्लीत ऐकू यावा. त्या आवाजात ते रोज संध्याकाळी माझ्या दारात उभे राहून एकच वाक्य म्हणत, "मास्तर, आज पन कुठं रुतली न्हाय!" हे सांगताना त्यांचा चेहरा निकालाच्या दिवशी नापास झालेल्या मुलासारखा होई, आणि माझी बायको मुकाट्याने चहा टाकी.

त्या वर्षांत बाह्यवळणालगतच्या शेतांमधून भराभर गोदामं उगवत होती. दादांचंही शेत त्यात गेलं आणि त्या शेतातून ही गाडी उगवली. परदेशी बनावटीची, चारही चाकांना ताकद देणारी, आणि इतकी उंच की ताईंना चढायला दादांनी घरचा पाट मागे ठेवलेला असे. गिअरच्या दांड्याजवळ एक गोल बटण होतं आणि त्यावर चित्रं होती: बर्फ, चिखल, वाळू, दगड. जसा रस्ता असेल तसं चित्र फिरवायचं, की पुढचं गाडी आपलं आपण बघते. बर्फाचं चित्र लावलं तर तुम्ही पाय कितीही दाबा, ती जोर बेताबेतानेच सोडते, म्हणजे चाक घसरत नाही. वाळूत उलट, इंजिनाला दम टाकूच देत नाही, कारण वाळूत दमलात की बसलात. दगडांवर सगळ्यांत जड गिअर आणि मुंगीचं पाऊल. हे सगळं मला पाठ आहे, कारण दादांनी ते मला दोन लग्नांत, एका बारशात आणि एकदा मी दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून आडवा पडलेलो असताना, शेजारच्या स्टुलावर बसून समजावून सांगितलेलं आहे.

आता इतकी चित्रं आहेत म्हटल्यावर ती वापरली पाहिजेत, असा दादांचा सरळ हिशेब. चिखलाला आणि दगडाला भिवंडीत तोटा नव्हता. वाळूसाठी ते जिथे इमारतीचं काम चालू असेल तिथे रस्त्यावरच्या ढिगाला वळसा न घालता ढिगावरूनच जात, आणि मुकादम शिव्या देत धावत आला की काच खाली करून विचारत, "ए भाय, रेती और कब आयेगी?" बर्फाचं काय करायचं हा प्रश्न होता. तो बर्फाच्या कारखान्याबाहेर सुटला. तिथे टेम्पोतून एक लादी पडून फुटली होती. दादांनी शंभर पावलं आधीपासून बर्फाचं चित्र लावलं, त्या चुऱ्यावरून गाडी नेली आणि घरी येऊन ताईंना म्हणाले, "आता आपन काश्मीरला पन जाऊ शकतो." ताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आन माझ्या माहेरी? तिकडं जायला कंचं चित्र लावाचं?" दादा उठून गाडी पुसायला गेले. ते का, ते पुढे सांगतो.

चित्रांपेक्षाही त्यांचा जीव होता तो लॉकवर. गाडीच्या दोन्ही बाजूंची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी, म्हणून मधे डिफरन्शियल नावाची दात्यांची पेटी असते. ती दोघांना आपापल्या चालीने चालू देते. पण हाच तिचा दुर्गुण. एक चाक चिखलात गेलं की सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकाकडे पळतो, ते गरागरा फिरतं आणि कोरड्यावरचं मख्ख उभं राहतं. त्यावर उपाय म्हणजे लॉक. बटण दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात, फिरतील तर दोघं. मात्र ते चिखलातच लावायचं, कोरड्या रस्त्यावर कधीही नाही, असं गाडीच्या पुस्तकात ठळक छापलेलं होतं. दादांनी ते पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं होतं, त्यामुळे वाचायचा प्रश्न आला नाही.

एकदा भर दुपारी, मी शेजारी बसलेलो असताना, धामणकर नाक्यावर समोर एक जबरदस्त खड्डा बघून दादांनी हौसेने लॉक लावलं. गाडीने खड्डा पार केला, दादांनी वळायला स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच निघाली. टायर किंचाळले. आणखी वळवली, आणखी किंचाळले. गाडी नाक्याच्या मध्यावर आडवी झाली आणि चारही बाजूंनी रिक्षा, टेम्पो, कापडाच्या हातगाड्या तुंबल्या. एक रिक्षावाला ओरडला, "चाचा, घुमती नहीं क्या?" दुसरा कोणी असता तर लाजून लॉक काढून पळाला असता. दादा खाली उतरले. "घुमती हाय! लॉक हाय उसको! इधर आव, समझाता मैं!" आणि त्यांनी खरोखर आठ रिक्षावाले एका रांगेत हातात हात धरून उभे केले, एका टोकाला मला खांब केलं आणि रांगेला माझ्याभोवती वळायला लावलं. माझ्या जवळचा जागच्या जागी पाय आपटत होता, टोकाचा जीव खाऊन पळत होता. "ये बिना लॉक!" दादा गरजले. "अब हाथ टाईट पकडो, सब एक ही स्पीड में चलो, और घूमो!" सगळे एका वेगाने निघाले, रांग वळेचना, ओढाताण झाली आणि आठही जण उसाच्या रसाच्या गाड्यावर जाऊन आदळले. "ये लॉक!" दादा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाहतूक हवालदाराने दंडाची पावती फाडली, पण फाडण्याआधी त्यानेही एकदा रांगेत उभं राहून बघितलं.

तर माहेरची गोष्ट. आमचे सासरे, म्हणजे बाबा, गणेशपुरीच्या अलीकडे एका गावात भातशेती करत. काटक म्हातारा, बोलणं मोजकं. त्यांनी दादांना मुलगी दिली ती मुलाकडे फारसं न बघता. सोयरिकीच्या दिवशी ते चहा बाजूला ठेवून दादांच्या शेतावर गेले, माती हातात घेऊन चुरगळली आणि परत येऊन हो म्हणाले. तेच शेत दादांनी विकलं. नवी गाडी घेऊन पहिल्यांदा दादा सासुरवाडीला गेले, बाबांसाठी गाडीचं दार उघडून उभे राहिले, तेव्हा बाबा ओटीवरून म्हणाले, "जावईबापू, मी पोर शेत बगून दिली व्हती, गोडावन बगून न्हाय. ह्या गाडीत मी बसनार न्हाय." आणि आत गेले. एवढंच. नंतर कधी रागाचा शब्द नाही, जेवायला आग्रह तसाच, पण गाडीत बसले नाहीत. दादांना ते फार लागलं. त्यांना वडील नव्हते, लहानपणीच गेलेले. पाठीवर थाप देणारा मोठा माणूस म्हणून त्यांच्या आयुष्यात होते ते हेच, आणि त्यांची थाप बंद झाली होती.

दादांनी हार मानली नाही. बाबा देवीला वज्रेश्वरीला एसटीने निघाले, की दादा गाडी घेऊन एसटीच्या मागे. प्रत्येक थांब्यावर एसटी उभी राहिली की गाडी तिच्या दाराला भिडवायची, आपलं मागचं दार उघडायचं आणि ओरडायचं, "बाबा, उतरा, हतं बसा! एसी हाय!" बाबा समोर बघत बसत. शेवटी कंडक्टरच बाबांकडे वाकून म्हणाला, "काका, जावयाचं तिकीट फाडू का? ते पण सगळे थांबे घेतायत." दादांचं म्हणणं असं, की बाबांनी गाडीचा गुण अजून बघितलाच नाही. एकदा बाबांसमोर ती रुतली आणि लॉक लावून बाहेर निघाली, की बाबा आपण होऊन बसतील. रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन ते हळहळत, ती हळहळ यासाठी होती.

तो दिवस भातलावणीच्या दिवसांत आला. आम्ही दोघे साडू सासुरवाडीला गेलो होतो. बाबा बायकांना घेऊन शेतावर गेलेले, सासूबाईंनी भाकऱ्यांची टोपली भरली आणि दादा उभे राहिले. "भाकरी आज गाडीनं जानार. मास्तर, बसा!" सासूबाई म्हणाल्या, "आरं, चालत धा मिंटाव हाय." पण दादांनी तोवर चिखलाचं चित्र लावलंही होतं. बैलगाडीच्या वाटेवर चिखल गुडघाभर होता, आणि गाडी त्यातून अशी निघाली की दादांचं तोंड उतरू लागलं. शेताच्या वळणावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी गाडी किंचित उजवीकडे दाबली. बांध खचला, उजवी चाकं खाली गेली आणि गाडी कलंडून बसली.

"रुतली!" दादा ओरडले. "मास्तर, रुतली!" त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मुलगा झाला तेव्हाही इतका हलवला नव्हता. लावणीच्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. बाबा चिखलातून आले. दादांनी खाली उतरून सगळं शास्त्र एका दमात सांगितलं, पेटी, वळण, आतलं चाक, बाहेरचं चाक, बांधणं. मी शिक्षक असून मला ते कळायला दोन महिने लागले होते. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे खळ्यातलं बैल. खांबाजवलचा हळू, भायेरचा जोरात. आन तुमी दोगांना एक दावं लावलंव." मग दादांनी आत बसून, सगळ्यांनी नीट बघावं म्हणून हाका मारून, लॉकचं बटण दाबलं. दिवा लागला. इंजिन गरजलं. चाकं एकदिलाने फिरली आणि एकदिलाने खाली गेली. गाडी पोटावर टेकली.

बाबा म्हणाले, "पाय ठेवाला जागा न्हाय, तं बांधून काय करनार?" त्यात राग नव्हता. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. खचलेल्या बांधातून शेतातलं पाणी शेजारच्या खालच्या खाचरात धो धो चाललं होतं, रोपं उघडी पडत होती आणि बांध बुजवायचा तर गाडी नेमकी त्या भगदाडात बसलेली. दादांच्या ते आत्ता ध्यानात आलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बसलेला मी ऐकला. "बाबा, चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले.

बाबांनी बांधावरचे दगड चाकांखाली सारले, वर पेंढा आणि फांद्या कोंबल्या आणि दादांना म्हणाले, "मान भायेर काडा, चाकावं नजर ठेवा, आन हळू." मग मागे वळून म्हणाले, "वजन पायजे मागं. मास्तर, चडा, तुमी जड हाव." मी चढलो. तीन बायका खिदळत चढल्या. आणि वजन अजून कमी वाटलं म्हणून असेल, की पाणी वाहून चाललं होतं म्हणून असेल, बाबा स्वतः चढले. चिखलाने माखलेले, माझ्या शेजारी. दादांची मान खिडकीबाहेर, नजर चाकावर. त्यांना काही दिसलं नाही. गाडीने दगडावर पकड घेतली, कण्हली, एक इंच वर आली. बाबा पुढे वाकले, डोळे मिटून त्यांनी चिखलाचा हात दादांच्या सीटवर, त्यांच्या खांद्यामागे ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हॉ... चल रं माझ्या राजा. चल." गाडी वर आली. वाटेवर उभी राहते न राहते तोच बाबा उतरून फावडं घेऊन बांधाकडे गेले.

बांध बुजला. आम्ही भाकऱ्या खाल्ल्या. परत येताना दादा गाडी चालवता चालवता म्हणाले, "एवढं झालं, पन बाबा आज पन बसले न्हाईत." मी म्हणालो, "दादा, बसले होते. माझ्या शेजारी." त्यांनी गाडी थांबवली. मागे वळून ती माखलेली सीट बघितली. मी त्यांना सगळं सांगितलं, बाबा काय म्हणाले तेसुद्धा. त्यांनी ते मला तीनदा सांगायला लावलं.

पुढच्या लावणीआधी बाबा गेले. मधे काही महिने होते, पण गाडीत बसण्याचा विषय दादांनी पुन्हा काढला नाही आणि बाबांनीही नाही. जेवताना मात्र बाबा दादांच्या ताटात आपल्या हाताने भात वाढू लागले होते. आता दादा माझ्या दारात येतात तेव्हा गाडीचं काही सांगत नाहीत. चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि उठता उठता आवाज शक्य तितका खाली आणून विचारतात, "मास्तर, ते राजा बोल्ले, ते गाडीला बोल्ले का मना?" मी बाबांच्या शेजारी होतो खरा, पण त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि बैल हाकताना ते तसंच म्हणत. मला माहीत नाही. तरी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला मी मास्तर, दरवेळी न अडखळता सांगतो, "दादा, तुम्हालाच."