गोधडीचा रिकामा कोपरा

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा हिवाळा असेल. वारासिवनीहून बालाघाटला येत होते, तेव्हा बसमध्ये एक म्हातारी माझ्या शेजारी बसली. मांडीवरच्या गाठोड्यातून गोधडीचं टोक डोकावत होतं, गळ्यातल्या पोतीत सुई अडकवलेली. माझ्या हातातलं पुस्तक तिनं मुखपृष्ठावरच्या चित्रावरून ओळखलं. गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणींवरच्या कादंबरीमालिकेतलं ते शेवटचं.

"मले वाचता येत नाही, बाई. पोरगी वाचून दाखवे, ते सासरी गेली. शेवट वाच ना."

मी वाचू लागले. जी मैत्रीण मरे, तिच्या साडीचा तुकडा गोधडीत जाई. आता त्यांतली एकटीच उरली होती आणि गोधडीचा एक कोपरा रिकामा होता. तो तसाच राहतो, पुस्तक संपतं.

"माह्या बी साऱ्या गेल्या," ती म्हणाली. वाचत होते तेवढा वेळ ती माझा पदर चाचपत होती. मला चीड आली होती, पण म्हातारं माणूस, काय बोलायचं?

उतरताना हसली. "पुस्तकातली गोधडी अधुरी राह्यली. माही पुरी झाली आज."

घरी पाहिलं, तर पदरातून चौकोनी तुकडा गेलेला. भोकाच्या कडा मात्र दुमडून, बारीक टाक्यांनी नीट शिवलेल्या.

अजूनही थंडी पडली, की वाटतं, कुणीतरी मला पांघरून झोपलंय.