दादा आणि फॉरट्रान

माझा थोरला भाऊ अमेरिकेहून पहिल्यांदा जुन्नरला आला, तेव्हा मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवत होतो. दादा तिकडे गणकयंत्रावर काम करायचा. तसं यंत्र इथे कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो सांगेल ते खरं. हेडमास्तरांनी लगेच त्याचं व्याख्यान ठेवलं.

यंत्राला फक्त आकडे कळतात, दादा म्हणाला. साधी बेरीज करायची तरी ही संख्या कुठून उचल, ती कुठून उचल, उत्तर कुठे ठेव, हे सगळं आकड्यांत लिहून द्यावं लागतं. ते जमणारी माणसं मोजकीच.

"आता काहींनी फॉरट्रान नावाची भाषा काढलीय. आपण बीजगणितासारखं सूत्र लिहायचं, त्याचे आकडे यंत्रच करून घेणार. आळशी लोकांचे चोचले. थोड्या दिवसांत कोणी नाव काढणार नाही."

बोरीहून आलेल्या एका बागाईतदाराने विचारलं, "मंग सूत्र येणाऱ्या कुणालाबी यंत्र चालवता येईल म्हणा की."

"तेच तर वाईट आहे," दादा म्हणाला. आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलंही नाही. मला त्याची किळस आली. भाषा सोपी होती, एवढाच त्याचा तिच्यावर राग.

पुढच्या खेपेला आला तेव्हा जेवताना आईने कामाचं विचारलं. त्यावर आढेवेढे घेत सगळं बाहेर आलं. तिकडचे शास्त्रज्ञ आपापली सूत्रं स्वतःच लिहायला लागले होते, दादाच्या टेबलापाशी कोणी फिरकेना. भाषाही सुधारली होती. मोठं काम तुकड्यातुकड्यांनी लिहून मग जोडता यायचं, एका चुकीपायी सगळं पुन्हा करावं लागत नव्हतं. शेवटी साहेबाने दादाला नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका मुलीकडे ती भाषा शिकायला बसवलं.

"आणि अजून आकडेच लिहीत बसतात ते?" मी विचारलं.

"ते अडाणी," तो भाकरी मोडत म्हणाला.

"मागच्या वेळी तूच म्हणाला होतास..."

"तेव्हा भाषा कच्ची होती."

हेडमास्तरांनी पुन्हा व्याख्यान ठेवलं. दादाने तासभर फॉरट्रानचे गोडवे गायले, जणू ती त्यानेच काढली होती. जिने शिकवलं त्या मुलीचा उल्लेखही आला नाही. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. हेडमास्तरांनी ते पाहिलं. पाहू देत, म्हटलं.