मामांची तार, काकांची सपरी

मामा घरात आले की आधी माणसांकडे बघत नसत, छताच्या कोपऱ्यांकडे बघत. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, लेकरं पाया पडायला रांगेत, आणि हे चपला काढता काढता मान वर करून म्हणत, "या कोपऱ्यातून कोनं नेली हे तार?" दुसरा प्रश्न स्टूल कुठे आहे हा असे. 'ताई, बरी हायेस ना' याचा नंबर तिसरा, कधी चौथा. मला मुलगी बघायला गेलो तेव्हाही ते तिच्याकडे न बघता आढ्याकडे, कौलांकडेच बघत बसले. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुणे घराची मजबुती तपासताहेत. बिचारे घाबरून म्हणाले, "कवेलू यंदाच बदलले जी."

मामा आईचे धाकटे भाऊ, केशोरीचे. टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. नव्व्याण्णव साली आमच्या घरी पहिला फोन आला तेव्हा ते रजा टाकून आले आणि आमच्या भागातल्या लाइनमनने ओढलेली तार सोडवून पुन्हा बांधली. कारण काय, तर त्याने ताणून बांधली होती. "तार ताणून बांधू नये. ऊन-पानी लागते, आखडते बिचारी. वीतभर सैल ठेवावं." त्या वीतभर सैल तारेवर आईने पुढे पंधरा वर्षं हातरुमाल वाळत घातले.

निवृत्त झाल्यावर माणसाने नातवंडांना गोष्टी सांगाव्यात की नाही? मामा कॉम्प्युटरच्या तारा शिकले. त्या जाड तारेच्या पोटात आठ रंगांच्या आठ बारीक तारा असतात, आणि टोकाला ठरलेल्या क्रमानेच बसवाव्या लागतात. मामा डोळे बारीक करून पुटपुटत, "पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा..." आईला वाटे जप चाललाय, ती जाता जाता हात जोडी. एक रंग चुकला की टोक कापून पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या पायाशी कापलेल्या टोकांचा ढीग बघून मला आमच्या दहावीच्या वर्गाची आठवण येई. मी गणिताचा मास्तर आहे. हे मुद्दाम सांगून ठेवतो, पुढे माझीच फजिती व्हायची आहे.

आमचं गाव कामठ्याजवळ. वाटणीत पुढचं घर आमच्या वाट्याला आलं, मधलं काकांच्या, आणि सगळ्यात मागे वाडीतल्या दोन खोल्या पुन्हा आमच्या. तिन्ही घरांच्या कडेने एकच लांब भिंत. अशी वाटणी करणाऱ्या पंचांना मी आजही मनातल्या मनात नमस्कार सोडून सगळं काही देतो. काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. धानाच्या दोन शेतांमधल्या हातभर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बिनसलं आणि अकरा वर्षं शब्द नाही. निरोप असलाच तर बैलाला. "नहराचं पानी सुटलं म्हनते रे," असं बाबा मोठ्याने बैलाच्या कानात सांगत आणि भिंतीपलीकडे काका फावडं उचलत. माझी आई त्या अकरा वर्षांत एकच गोष्ट मागत होती: या दोघांपैकी एकाने डोळे मिटायच्या आत त्यांनी एकमेकांशी बोलावं. आम्ही सगळ्यांनी प्रयत्न करून हात टेकले होते.

दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराची गोष्ट. माझी मुलगी पल्लवी बारावीला. पुढच्या घरात टीव्ही आणि पाहुणे, म्हणून तिने अभ्यास मागच्या खोलीत मांडला. नेट पुढच्या घरात. मी मामांना घेऊन गोंदियाच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "मामाजी, ये बिना तार का डिब्बा ले जाओ. दीवार के आरपार नेट जाता है."

मामा हसले. "हमारी दीवार देखी है? दो हात की मिट्टी की है. उसके आरपार दो सगे भाइयों की आवाज नहीं जाती ग्यारह साल से. तुम्हारा नेट जाएगा?"

भर बाजारात आमच्या घरची अब्रू अशी टांगून मामा तारेचं भेंडोळं खांद्यावर घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी मोजणी. तीस मीटरचा टेप. एक टोक मामांच्या हातात, दुसरं बाबांच्या. मी आंब्याच्या सावलीत वही-पेन घेऊन, कारण उन्हात माझं डोकं दुखतं. दोघांनी भिंतीकडेने तीनदा टेप टाकला आणि मामा लांबून ओरडले, "एकशे अठरा! लिहा, मास्तर!" मी लिहिलं. खाली रेघही मारली.

"झाली पंचाईत," मामा घाम पुसत म्हणाले. "शंभर मीटरच्या वर ही तार चालत नाही. मधात डबी लावा लागते, स्विच म्हनतात तिले."

"स्विच हाये तं बटन कोठी हाये?" मामांनी पिशवीतून काढलेली डबी बाबांनी उलटसुलट करून बघितली.

"बटन नाही भाऊजी, तिले निस्ती लाईन लागते. अन् पावसापासून आडोसा." मग मामांनी भिंतीकडे न बघता सहज म्हटलं, "मधात आडोसा एकच. बापूची सपरी."

बापू म्हणजे काका. सपरी म्हणजे त्यांच्या घराची पडवी, तिचं एक अंग त्या लांब भिंतीला टेकलेलं. मी वैतागलो. भिंतीवर पत्र्याची पेटी ठोकू म्हणालो. "मुंग्या होतात." आंब्याला बांधू म्हणालो. "माकडं हायेत." पल्लवीलाच पुढच्या खोलीत आणू म्हणालो. "मंग मी केशोरीहून भेंडोळं आनलं कायले?" बाबा तेवढे गप्प होते. मला वाटलं, रागाने.

मामा काकांकडे गेले, अर्ध्या तासाने चहा पिऊन विजयी चेहऱ्याने परत आले. काकांच्या अटी दोन. "जागा घ्या, पन माह्या मीटरची लाईन भेटनार नाही. अन् त्याच्या घरचं कोनी बटन दाबाले माह्या सपरीत येनार नाही."

"मग झालं काय?" मी म्हणालो. "लाईनच नाही दिली तर डबी चालेल कशावर?"

"लाईन मागतली कोनं त्यायले? ही तार आपली भाकर आपल्या संगं बांधून आनते." मामांनी पिशवीतून दुसरी एक छोटी डबी काढली. ती आमच्या घरात इन्व्हर्टरला लावायची. ती त्याच तारेत नेटबरोबर वीजही ढकलते, आणि पलीकडची डबी त्यावर जगते. तिकडे ना प्लग, ना बटण, ना मीटर. हे सगळं मामांच्या पिशवीत आधीपासून कसं काय होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी वहीतली रेघ बघत होतो.

काम दोन तासांचं, लागले चार दिवस. खिळा वाकडा गेला, परत. तार ताणली गेली, परत. डबी दाराच्या मागे लपवा असं मी सुचवलं, तर मामांनी ती काकांच्या आरामखुर्चीच्या बरोबर समोर, डोळ्यांच्या उंचीवर ठोकली. "तिले हवा लागते." तिच्यावर एक हिरवा दिवा. काकांनी पहिल्याच दिवशी त्यावर आपला खांद्यावरचा दुपट्टा टांगला. मामांनी काढला. काकांनी पुन्हा टांगला. मामांनी खुंटीच उपटली.

आणि मग लोडशेडिंग सुरू झालं. संध्याकाळी लाईन जाई, सगळी गल्ली अंधारात, आणि काकांच्या सपरीत तो एवढासा हिरवा दिवा मिणमिणत राही. काका काकूवर चिडत, "माह्या घरी त्याच्या लाईनीवर दिवा जळून रायला! याले काय म्हनाव?" पण खुर्ची काही हलवली नाही. काकू म्हणे, जेवताना ताटही तिथेच मागतात.

जेठ महिन्यातली दुपार. आई आणि बायको सालेकशाला लग्नाला गेलेल्या. मी पुढच्या खोलीत पेपर तपासत होतो, बाबा खाटेवर. आभाळ गडगडू लागलं तसं बाबांनी उठून सगळ्या पिना काढल्या. एकदा विजेने आमचा फोन जाळल्यापासून घरात हा नियमच होता, मामांनीच घालून दिलेला. मग ते पुन्हा आडवे झाले आणि त्यांना डोळा लागला. आभाळ न बरसताच निघून गेलं. पिना तशाच.

तासाभराने दारात सावली पडली. काका. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, अंगात बंडी, पायात चप्पल नाही. खाटेवर आडव्या बाबांकडे बघून त्यांचा चेहरा असा झाला की मी लाल पेन हातात धरून उभाच राहिलो.

"दादा," काका म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले. आढ्याकडे बघितलं.

"दिवा काऊन गेला?"

"आभाळ गरजून रायलं होतं," बाबा म्हणाले. "पिन काढली."

"आभाळ गेलं कवाचं. लाव आता."

"लावतो."

काका थोडे घुटमळले. "जेवला?"

"जेवलो. तू?"

"हो." आणि गेले. बाबा उठले, पिन लावली, पाठ माझ्याकडे करून बराच वेळ त्या सॉकेटपाशीच काहीतरी करत राहिले. मी हातातल्या पेपरातल्या साफ चुकलेल्या उत्तराला पाचपैकी पाच दिले.

दुसऱ्या दिवसापासून दोघे गळ्यात गळे घालून हिंडू लागले, असं काही नाही. बराच काळ बोलणं त्या दिव्यापुरतंच होतं. मग पावसाचं झालं, मग धानाच्या तुडतुड्याचं. धुऱ्याचा विषय मात्र दोघांनी कधी काढला नाही. मी मामांना उत्साहाने फोन केला. ते ऐकून म्हणाले, "बोलले? बरं झालं. पिन ढिली तं नाही ना झाली?" अशा माणसाशी माणसाने बोलावं तरी काय!

दोन वर्षांनी, पोळ्याच्या आधी, मामा गेले. केशोरीला गेलो तर माझीच मान आधी छताच्या कोपऱ्यांकडे वळली. प्रत्येक कोपऱ्यात तार वीतभर सैल. निघताना मामींनी हातात टेप ठेवला. "मास्तरले द्या, त्यायले मोजाचं काम हाये, म्हनत होते." मला वाटलं, आजारपणात बोलले असतील काहीतरी.

नंतर गावात नवं नेट आलं. नव्या तारा ओढणाऱ्या मुलाने विचारलं, "सर, पीछे तक कितना मीटर?" मी ऐटीत वही काढली. "एकशे अठरा." तो भिंतीकडे बघून म्हणाला, "इतना तो नहीं है, सर." मी चिडलो. मामांचा टेप काढला, टाकला. तीस. तीस. चोवीस.

चौऱ्याऐंशी. शंभराच्या आत. मधल्या डबीची गरज कधी नव्हतीच.

मी तरातरा घरात आलो, जुन्या डबीची पिन उपटली आणि बाबांसमोर वही आपटली. "बाबा, मामांनी चुकीचं मोजलं होतं! चौऱ्याऐंशीच आहे!"

"मले मालूम हाये," बाबा सुपारी कातरत म्हणाले. "दुसरं टोक मीच तं धरलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तीसचा टेप तीनदा टाकला, तुह्यासमोर. तू लिवलं एकशे अठरा. म्या म्हटलं, गनिताचा मास्तर हाये, आपन कायले मधात बोलाव."

मी काही बोलणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. "दादा! दिवा काऊन गेला?"

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्याने पिन परत लावली.