रामटेके काकांनी न केलेली सही

रामटेके काका गेल्याची बातमी मला फ्लाइंग स्कूलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाली. सानगडीचा बाजार होता. आईसोबत भाजी घेत उभी होते, फोन वाजला आणि काकांचा फोटो समोर आला. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली ठळक अक्षरांत 'आमच्या परिवाराचा आधारस्तंभ हरपला' आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला. दीड वर्षापूर्वी याच परिवारानं या माणसाला फाटकाबाहेर काढलं होतं, आणि त्यासाठी जे कागद गोळा केले होते त्यातल्या एका कागदावर माझी सही होती. आज पाच आठवडे झाले. राग निवला की लिहू म्हणून थांबले. तो निवत नाही, म्हणून तसाच लिहिते आहे.

बपेऱ्याचा पूल ओलांडून मध्य प्रदेशात शिरलं की पुढे चार तासांवर एका जुन्या धावपट्टीवर आमचं स्कूल होतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक; आमच्या सात पिढ्यांत कुणी विमानाला हात लावलेला नव्हता. पहिल्या दिवशी मी हँगरच्या दारात बावरून उभी होते. चाकाशी बसलेल्या, पांढऱ्या मिशांच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कोन्या गावची?" मी सानगडी म्हटल्यावर मात्र त्यांनी वर पाहिलं. "मंग मराठीत बोल ना. भेऊन काहून राहिली?" ते मूळचे बपेऱ्याचे. आयुष्य वायुदलात विमानांच्या दुरुस्तीत गेलेलं. निवृत्तीनंतर परीक्षा देऊन त्यांनी परवाना मिळवला होता. विमान उडण्याजोगं आहे अशी रोज सकाळी त्यांची सही झाल्याशिवाय आमचं एकही विमान हलत नसे. त्यांच्या पत्नी सुलोचनाकाकू जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीत नोकरीला, त्यामुळे घर तिथल्याच क्वार्टरमध्ये. काका रविवारी घरी जात, सोमवारी परत.

पहिल्याच उड्डाणात मला उलटी झाली. खाली उतरल्यावर शिकवणारे साहेब, स्कूलचे मुख्य प्रशिक्षक, नाक दाबून निघून गेले. काकांनी बादली आणि फडकं आणून दिलं. "आपलं आपन साफ कर. लाजू नोको. आतून सारं पुसशील त आतून सारं समजन." तेव्हा मला तो अपमान वाटला होता... पण त्या दिवशी पेडलांच्या मागे हात घालून पुसताना कुठली तार कुठे जाते ते मी पहिल्यांदा पाहिलं. मग रोज सकाळी, उडण्याआधी विमानाभोवती फिरून तपासणी करायची असते, तेव्हा काका माझ्या मागे येऊ लागले. पंखाखालच्या टाकीतून काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढायचं, तळाशी पाणी आहे का बघायचं. मी घाईत म्हणायची, "पाहिलं काका." ते तिथंच अडवत. "पाहिलं मनू नोको. काय पाहिलं ते सांग." बाकीची मुलं हसायची. त्यांची तपासणी तीन मिनिटांत व्हायची, माझी वीस मिनिटं चालायची.

सरळ उडणं जमलं, वळणं जमली, पण उतरणं काही केल्या जमेना. जमीन जवळ आली की मी नाक जास्त वर खेचायची, विमान उसळायचं. पुढे ते सुधारलं, तरी एका विशिष्ट विमानात पुढचं चाक टेकलं की दोन्ही पाय पेडलांवर थरथरायचे, दात वाजावेत तसे. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "तेरी लँडिंग ही ऐसी है." मी ते खरं मानलं. माझ्यासोबतच्या सगळ्यांची एकट्यानं उडायची पाळी येऊन गेली होती, मी तेवढी राहिले होते.

अखेर माझा दिवस ठरला. आई-बाबा पहाटेच निघून आले होते, कुंपणाशी उभे होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. आणि काका त्या विमानाच्या नाकाखाली टॉर्च घेऊन पाठीवर झोपलेले! बराच वेळ ते बाहेर येईनात. आले ते थेट माझ्याकडे. "उतरल्यावर पाय थरथरतेत का तुये?"

"हो... माझं लँडिंग खराब आहे."

"कोन मनते? लँडिंग नाई खराब तुयं. चाकाच्या आधाराले चीर हाय. केसाएवढी."

बिघाड लिहायचं स्नॅग रजिस्टर असतं, त्यात त्यांनी माझ्यासमोर ते लिहिलं. साहेब धावत आले. आज एक फेरी होऊन जाऊ द्या, संध्याकाळी बघू, मुलीचे आई-बाप आलेत, असं समजावू लागले. काका म्हणाले, "माँ-बाप आए हैं, इसीलिए नहीं." आणि हात पुसत हँगरमध्ये गेले.

मी त्यांच्या मागे गेले. जे बोलले ते आठवलं की आजही कान तापतात. "तुम्हाले आपल्या गावाकडची पोरगी पुढं गेलेली पाहवत नाही का?" असं मी सगळ्यांदेखत ओरडले. त्यांनी पाना उचलून जागेवर ठेवला. चार दिवसांनी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. इंग्रजीत टाइप केलेलं पत्र होतं. मी उभ्या उभ्या सही केली. माझ्याआधी पाच जणांच्या सह्या होत्या. शनिवारी काका हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन बसस्टँडकडे जाताना दिसले. आम्हाला सांगण्यात आलं, वय झालं होतं. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या दुसऱ्या इंजिनिअरनं सही केली आणि त्याच विमानात मी पहिल्यांदा एकटी उडाले. पाय थरथरले. माझ्या अंगावर बादलीभर पाणी ओतून सगळ्यांनी फोटो काढले. त्याच सुमारास हँगरमध्ये नवं स्नॅग रजिस्टर आलं. जुनं भरलं म्हणे. ते जुनं अर्धं कोरं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मी गप्प बसले.

त्यानंतर नवव्या दिवशी माझी रूममेट रितिका उतरत असताना ते पुढचं चाक मोडलं. विमान नाकावर घसरत गेलं. तिचं कपाळ समोरच्या मीटरांच्या पट्टीवर आदळलं. जीव वाचला, पण डाव्या डोळ्यानं तिला आता अंधुकच दिसतं. वैद्यकीय तपासणीत ती कायमची बाद झाली. रायपूरला घरी असते. अहवालात लिहिलंय, विद्यार्थिनीनं चुकीच्या पद्धतीनं विमान उतरवलं. मला माहीत आहे, रितिकाचं उतरणं आम्हा सगळ्यांत उत्तम होतं.

मी जवाहरनगरला गेले. काकांनी दार उघडलं, पाणीही न विचारता म्हणाले, "सई करताना वाचलं होतंस?"

"नाही."

"मंग आता वाच."

त्या पत्राची प्रत त्यांच्याकडे होती. काकूंसमोर त्यांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं, एकेक वाक्य मराठीत करून. हा माणूस मुद्दाम विमानं अडवतो. याचं डोकं ठिकाणावर नाही. हा विद्यार्थ्यांचं नुकसान करतो... काकू म्हणाल्या, "पुरे करा न जी, पोट्टी रडून राहिली." काका म्हणाले, "रडू दे. वाचून होऊ दे." मग माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. "आता खरं काय ते लिही. मायासाठी नोको लिहू. त्या पोरीसाठी लिही." मी लिहिलं. पाठवलं. चौकशीला आलेल्यांनी रजिस्टर मागितलं, त्यांना नवं दाखवलं गेलं. माझ्या पत्राची 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. त्यापुढे काहीच नाही. मी ते स्कूल सोडलं, दुसरीकडे बरंचसं पहिल्यापासून शिकले. काकांनी मला माफ केलं का, मला ठाऊक नाही. तसं ते कधी म्हणाले नाहीत. दर रविवारी फोन मात्र करत. मी किती उडाले हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आठवड्यात किती विमानं नाकारलीस, एवढंच विचारत. एखादं नाकारलं म्हटलं की पुढची दहा मिनिटं उलटतपासणी. एकही नाही म्हटलं की, "बरं," आणि फोन बंद.

सकाळी दूध घेऊन येताना ते क्वार्टरच्या पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता, त्या दिवशी साहेब आले होते. सोबत तोच झेंडूच्या चौकटीतला फोटो, मढवून. दोन शब्द बोलायला ते उभे राहिले तेव्हा काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, फोटो आमच्यापाशी हायेत. जुनं रजिस्टर असन त आना. नसन त बसून घ्या." साहेब बसले नाहीत. चप्पल शोधत बाहेर गेले. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडावर कुणीतरी बोललं, आणि ती मी नव्हते.

परवा मी पुन्हा काकूंकडे गेले. मागच्या खोलीत काका कॉलनीतल्या लोकांचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचे. नोकरी गेल्यावर त्यांचा तोच उद्योग होता. टेबलावर अजून सात-आठ वस्तू आहेत. प्रत्येकीला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर निळ्या पेनानं 'वापरू नये', खाली सही आणि तारीख. मी तिथं असतानाच शेजारच्या बाई त्यांचा मिक्सर मागायला आल्या. अजून चालतो, थोडा आवाज करतो इतकंच, म्हणाल्या. काकूंनी पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला आणि मिक्सर परत टेबलावर ठेवला.

"नाई देत बाई. त्यायनं लिवलं हाय."

बाईंनी मान हलवली आणि तशाच परत गेल्या.