काळं आभाळ, कोरं कपाळ

आमचे हे आठवडाभर कचेरीत कारकुनी करायचे आणि रविवारी कलावंत व्हायचे. औरंगाबादेत तेव्हा गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणाऱ्यांची एक टोळीच होती. रंगीत फोटो म्हणजे लग्नाच्या अल्बमचं काम, खरी कला काळ्या-पांढऱ्यात, असा त्यांचा पक्का समज. आणि प्रत्येक फोटोला रडकं नाव हवंच. मुकुंदवाडीच्या स्टेशनावर एक म्हातारा जालन्याच्या गाडीची वाट बघत पेंगत होता. ह्यांनी त्याचा फोटो काढून नाव दिलं, 'अखेरचा प्रवास'. तो म्हातारा पुढं कित्येक वर्षं आमच्या गल्लीत भाजी विकत होता.

एका श्रावणात आम्ही वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो. मी लाल साडी नेसले होते, कपाळभर कुंकू होतं. ह्यांनी मला माळावरच्या एका धोंड्यावर बसवलं आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर लाल काच चढवली. त्या काचेनं निळं आभाळ काळंकुट्ट येतं.

"पदर अंगभर घे. आणि हसू नको," हे म्हणाले.

हसते कशाला! उपवास होता, पोटात कावळे ओरडत होते.

पुढच्या रविवारी मोरीच्या खिडकीला घोंगडी लावून हे फोटो धुवायला बसले. लाल दिव्याखाली मी ट्रे हलवत होते. कागदावर हळूहळू माझा चेहरा उमटला आणि माझा ओला हात आपोआप कपाळाकडं गेला. त्या लाल काचेनं आभाळ काळं केलं होतं आणि सगळा लाल रंग पांढरा. साडी पांढरी. कपाळ कोरं. मंगळसूत्र पदराखाली. ह्यांना तर घबाडच मिळालं. दुसरी प्रत काढताना कागदावरच्या माझ्या चेहऱ्यावर तळहाताची सावली धरून त्यांनी आभाळाला जास्त उजेड दिला, म्हणजे ते आणखी काळं येतं, आणि वाळल्यावर खालच्या पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'वैधव्य'.

घरात खरी विधवा होती, सासूबाई. त्यांचा फोटो काढावा असं ह्यांना कधी सुचलं नाही. त्यांनी माझा फोटो पाहिला आणि माझ्यावर धावून आल्या. "कुंकू कुठं पुसून बसलीस गं? माझ्या लेकाला जित्तेपणीच मारलंस व्हय?"

"ते काचेमुळं झालंय, आत्याबाई."

"काच पुसती व्हय कुंकू? मला नको शिकवू."

हे शेजारीच बसून पुठ्ठ्याच्या कडा कापत राहिले. त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी मला आरशासमोर उभी करायच्या, कुंकू बारीक लागलं म्हणून पुसायला लावायच्या आणि पुन्हा लावायला लावायच्या. कपाळाची आग व्हायची.

फोटो प्रदर्शनात जाणार होता. सगळं गाव तो बघणार होतं. मी ह्यांच्या अक्षरशः पाया पडले. "फोटो लावा, पण नाव बदला. काहीही ठेवा."

"नाव बदललं तर त्यात उरतं काय? एक बाई दगडावर बसलीय," हे म्हणाले. "आणि मी जिवंत आहे ना? मग तुझं काय बिघडलं?"

त्या क्षणी ते माझ्या मनातून उतरले, ते कायमचे.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शनाच्या दालनात प्रमुख पाहुणे फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. ठसठशीत कुंकू लावून मी शेजारीच होते, पण त्यांनी मला ओळखलं नाही. ओलावल्या आवाजात त्यांनी ह्यांना विचारलं, "कोण हो ही बिचारी?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आहे एक वेरूळकडची. ओळखीची नाही."

मी पदर सावरला आणि पुढं झाले. "माझ्या ओळखीची आहे. नवरा गेला तिचा."

"अरेरे. कशानं?"

"हौसेनं," मी म्हणाले. "पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. सुटली ती."

पाहुणे गोंधळून पुढच्या फोटोकडं वळले. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरी जाताना रिक्षात मला कडकडून भूक लागली होती.