बसल्या बसल्या घालायचं जाकीट

फुलाबाईंनी मला पहिल्याच दिवशी दोनदा मेलेली ठरवलं. महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर शिवणाचा कारखाना होता. मी काम मागायला गेले तर त्यांनी मला मशीनवर बसवलंच नाही. एका बुटक्या स्टुलावर बसवलं, समोर एक बादली उलटी ठेवली, हातात पिवळं जाकीट दिलं आणि म्हणाल्या, "हे गाडी हाय. तुही गाडी रस्त्यात बंद पडली. घाल जाकीट."

मी उभी राहून घालायला लागले.

"मेली," फुलाबाई म्हणाल्या. "बस वापस."

दुसऱ्या वेळी मी अर्धीच उठले.

"मेली. अवं, गाडीतून उतरायच्या आंधी घालायचं असते थे. उतरून बाह्या शोधतं तवरिक मागून ट्रक येऊन जाते."

तिसऱ्यांदा मी कोपरं पोटाशी धरून, बसल्या बसल्या जाकीट अंगात चढवलं. "हां. आता जित्ती हाय," त्या म्हणाल्या, "जा, त्या कोपऱ्यातल्या मशीनवर बस."

त्यांचं पूर्ण नाव पंचफुलाबाई. तेव्हा साठीच्या जवळ होत्या. त्यांचं काम तपासणीचं. शिवलेला प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून जायचा. मोटारीत त्या बहुतेक कधी बसल्याच नव्हत्या. दिघोरीकडून ऑटोनं यायच्या, ऑटोनं जायच्या.

आम्ही शिवायचो ती जाकिटं इथे कुणी घालत नव्हतं. ती परदेशी जायची, तिकडच्या लोकांच्या गाड्यांत ठेवायला. तिकडे तसा कायदा आहे. गाडी बंद पडली तर चमकणारं जाकीट घालूनच खाली उतरायचं आणि गाडीच्या मागे लाल त्रिकोण उभा करायचा. त्रिकोण दुसरीकडून तयार यायचे. जाकीट आणि ते ठेवायची पिशवी आम्ही शिवायचो. मालकांनी एकदा कुठल्या देशात काय लागतं ते वाचून दाखवलं होतं. फुलाबाईंना वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं सगळं त्यांनी आरतीसारखं पाठ केलं होतं.

"फ्रान्सवाल्याले हाताशी पायजे. डिकीत ठेवलं त् दंड. जर्मनीवाल्याले जाकीट, त्रिकोण अन् मलमपट्टीची पेटी, तिन्ही पायजे. इंग्लंडात कायदाच नाई. पण थे लोक सुटीत गाडी बोटीत टाकून फ्रान्सले जाते, मंग तिथं लागते."

लता नावाची एक बाई माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. तिची जीभ मशीनच्या सुईसारखी चालायची. ती म्हणाली, "आपल्याकडं बरं हाय बाई. झाडाची फांदी अन् चार दगड. झाला त्रिकोण."

सगळ्या हसल्या. फुलाबाई हसल्या नाहीत. "जो ट्रकवाला फांदी ठेवते, त्यानं मागून येणाऱ्याचा विचार केला ना? मंग तो तुह्यापेक्षा शायना हाय. तू काल पट्टी तिरपी लावली."

त्यांचं असंच असायचं. एकदा ऐन मे महिन्यात त्यांनी खालच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाचा एवढा मोठा तुकडा आणवला. आम्हाला वाटलं, सरबत होणार. फुलाबाईंनी तो बर्फ मुठीत धरला. बोटं लाल झाली, मग पांढरी पडली. त्याच बोटांनी त्यांनी जाकिटाच्या पिशवीचं बटण उघडून पाहिलं. उघडेना.

"पिशवी बदला शेठ," त्यांनी मालकांना हाक मारली. "तिकडं थंडी असते. बोटं आखडतात. हे बटन उघडत नाई."

"बाई, तुम्ही तिकडे जाऊन आल्या काय?"

"जायले काय पायजे? बोटं त् इथं बी आखडली ना."

पिशवी बदलली. उरलेला बर्फ आम्ही सगळ्यांनी गालाला लावला आणि मग खाल्ला. त्या दिवशीचं तेवढंच सुख आठवतं. बाकी ते काम फार दमवायचं. कूलर नुसता गरम वारा फेकायचा. त्या पिवळ्या रंगाकडे दिवसभर पाहिलं की संध्याकाळी घरची पांढरी भिंत मला जांभळट दिसायची. आणि फुलाबाईंनी परत केलेला नग पुन्हा फुकटच शिवायचा असायचा. त्यामुळे बायका त्यांच्यावर चिडून असत.

एकदा लतानं विचारलं, "बाई, तुमचं कोनी रस्त्यावर मेलं काय? इतकं काहून मनावर घेता?" आम्हाला सगळ्यांनाच आतून तसं वाटायचं. फुलाबाईंनी दोरा दातानं तोडला. "कोनी नाई मेलं माह्यं. काहून वं, घरचं माणूस मेल्यावरच काम नीट करायचं असते काय?"

कापड ठेवायच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे दार लावून त्या चमकपट्टी तपासायच्या. मला जाकीट घालून भिंतीशी उभं करायच्या आणि स्वतः टॉर्च धरायच्या. कधी उलटं. मी पहिल्यांदा टॉर्च कमरेशी धरला तर पट्टी नुसती करडी दिसली. त्यांनी माझा हात उचलून कपाळाशी नेला. "डोळ्यापाशी धर. गाडीवाला कुठी बसते? दिव्याच्या मागंच बसते ना." आणि अंधारात एकदम पांढरा जाळ झाल्यासारखं झालं. फुलाबाई दिसतच नव्हत्या, नुसत्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या वर त्यांचा आवाज. "दिसली काय?"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण अक्षर बरं आहे. म्हणून तपासणीची चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक गठ्ठ्याची एक चिठ्ठी. फुलाबाई सांगायच्या ते मी लिहायचे, 'ठीक' किंवा 'परत', आणि परत असेल तर का. खाली त्या सही करायच्या. सही त्या लिहीत नसत, रांगोळीसारखी काढत. काय लिहिलंय हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. "तू लिवलं म्हंजे मीनं पाह्यलं," म्हणायच्या. मी कमी बोलते म्हणून त्या मला चिडवायच्याही. "सुनंदे, तोंड बी शिवून घेतलं काय वं?" पण चिठ्ठी मात्र दुसऱ्या कुणाला लिहू द्यायच्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात चमकपट्टीचा नवा रोल आला. दुसऱ्या ठिकाणाहून आणलेला, स्वस्त. उजेडात अगदी तसाच चांदीसारखा. त्या पट्टीची सहाशे जाकिटं आमची शिवून झाली. फुलाबाई मला घेऊन अंधाऱ्या खोलीत गेल्या. टॉर्च कपाळाशी धरला. पट्टी राखेसारखी दिसली. त्यांनी पट्टी ओल्या फडक्यानं चार वेळा पुसली, पुन्हा टॉर्च धरला. आता तेवढीही दिसेना. मी त्यांच्यासमोर चार पावलांवर उभी होते आणि त्यांना दिसत नव्हते.

"लिव. परत. पूरा गठ्ठा परत."

मी कोरी चिठ्ठी घेऊन मशीनशी आले. मालक तिथे येऊन स्टुलावर बसले. ते ओरडले नाहीत. तेही थकलेलेच होते. म्हणाले, "सुनंदाबाई, उद्या गाडी निघाली नाही तर माल बोटीवर चढत नाही. मग ही ऑर्डर गेली. तुम्हा अठरा जणींना मी पुढच्या महिन्यात काय काम देऊ, सांगा. तुम्ही फक्त 'ठीक' लिहा. बाई तर सहीच करतात."

  अठरा घरांचा विचार करून मी तसं केलं असं म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर सहाशे जाकिटं, प्रत्येकाला दोन पट्ट्या, एवढं सगळं उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, हे त्या उकाड्यात माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि माझी पाठ आधीच दुखायला लागली. मी 'ठीक' लिहिलं. फुलाबाईंपुढे चिठ्ठी ठेवली. त्यांनी जीभ दातांत धरून, नेहमीसारखी सावकाश सही काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमाल खोकी पाठीवर घेऊन जिना उतरायला लागला. फुलाबाई डबा धुऊन येत होत्या. खोक्यावरची खूण त्यांना ओळखू आली.

"हे कुठी चाललं? हे त् परत हाय."

मालकांनी चिठ्ठी दाखवली. "ठीक लिहिलंय बाई. तुमचीच सही आहे."

त्यांनी कागद हातात घेतला. सहीवरून बोट फिरवलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते.

"सही माही हाय," फुलाबाई म्हणाल्या. "सही माही हाय त् माल बी माहा हाय. मी नाई जाऊ देत."

आणि हमालाला खोकं जिन्यातच उतरवायला लावून त्या त्याच्यावर बसल्या. जिना एवढा अरुंद की त्या बसल्यावर मांजरसुद्धा खाली गेलं नसतं.

मालकांनी समजावलं, मग आवाज चढवला. खाली टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. शेवटी लता पुढे झाली. "बाई, तिकडचा गोरा मरन का वाचन, आमची चूल काहून विझवता?"

"गोरा असो का काळा असो. रस्त्याच्या कडेले उभा राह्यला का दिसला त् जित्ता, नाई दिसला त् मेला. अन् त्याले काय मालूम? त्याले वाटते, मीनं जाकीट घातलं. तो बिनघोर उभा राहते. जाकीट नसतं त् भेऊन बाजूले त् झाला असता."

"मंग काल सही काहून केली?"

सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या. मीही. फुलाबाईंनी पदरानं मान पुसली. "चुकली," एवढंच म्हणाल्या.

अडीच तास त्या तिथे बसल्या. टेम्पो रिकामा गेला. मग पाच दिवस आम्ही उसवत होतो. बायका त्यांच्याशी बोलत नव्हत्या, जेवायला त्यांच्याजवळ बसत नव्हत्या. म्हातारीचं डोकं फिरलं, आज एक म्हणते, उद्या दुसरं, असं सगळ्या बोलायच्या. त्यांनी ऐकून घेतलं. माझं नाव घेतलं नाही. चांगली पट्टी लागली, माल उशिरा गेला. पुढची ऑर्डर आली नाही. पावसाळ्यात कारखान्यात परकर शिवणं सुरू झालं. परकराला तपासणी लागत नाही. मालकांनी फुलाबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या आपला चष्मा आणि टॉर्च पिशवीत टाकून गेल्या.

मी त्यांच्या घरी जायला पंधरा दिवस लावले. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच म्हणाले, "बाई, ते 'ठीक' मी लिहिलं होतं."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "दुसरं कोन लिवते?"

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? सही मीनं केली. न पाहता केली. थे माही चूक. तुही चूक तू पाह्य. मी कायले पाहू?" त्यांनी एक खडा काढून बाहेर फेकला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "तुह्या पोरीचं जुनं पुस्तक असन त् आन. मले अक्षर शिकव."

मग दर रविवारी मी दिघोरीला जायला लागले. वर्षभर. मला शिकवता येत नव्हतं आणि त्यांचं डोकं लवकर धरत नव्हतं. आठवड्याचं काम करून दोघी आधीच दमलेल्या असायचो. त्या तेव्हा दोन घरी पोळ्या करायच्या. साधी अक्षरं जमली, जोडाक्षरांवर गाडी अडायची. "हे दोघं एकमेकाच्या खांद्यावर काहून बसले वं? यायले खाली जागा नोती काय?" पण सोडलं नाही. दुकानांच्या पाट्या वाचायच्या, औषधाच्या बाटलीवरचं वाचायच्या. मला मात्र त्या पूर्वीसारखं चिडवत नसत. चहा द्यायच्या, पुस्तक उघडायच्या. एवढंच.

फुलाबाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. पोटात गाठ निघाली होती. त्यांच्या मुलानं त्यांना धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती केलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी गेले होते. त्या हिरवा गाऊन घालून पलंगावर बसल्या होत्या, अगदी लहान दिसत होत्या. नर्स कागद घेऊन आली. "मावशी, इथं सही करा."

"चष्मा दे," त्या मुलाला म्हणाल्या.

त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षरं फार बारीक होती. नर्स दोनदा येऊन गेली. मुलगा म्हणाला, "माय, कर ना वं सही. डॉक्टर थांबून राहिले. असंच असते सगळ्याइचं." त्यांनी बोट हलवलं नाही. ओठ हलत होते. एका शब्दाशी फार वेळ अडल्या.

मी म्हटलं, "बाई, मी वाचून दाखवू?"

"नको."

आवाजात राग नव्हता. त्यांनी नर्सला विचारलं, "हे काय लिवलं?" "भूल, मावशी. भूल देतात ना." "हां," म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. पाठपोट वाचायला त्यांना पाऊण तास लागला. मग पेन मागितला आणि जीभ दातांत न धरता सही केली.

नर्स म्हणाली, "साक्षीदाराची पण लागते." मुलानं हात पुढे केला. फुलाबाईंनी मान हलवली. "तिले दे."

 डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून मी घाईनं पेन घेतला आणि वाकले. कागदावर, सहीच्या जागेवर, त्यांचा हात येऊन पडला. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं.

"वाच पयले," फुलाबाई म्हणाल्या.

दारात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभा होता. मी खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सातव्या ओळीत लिहिलं होतं की जिवाला धोका होऊ शकतो. मी तिथे थांबले. वर पाहिलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. ती ओळ त्यांची वाचून झालेली होती. मी मान खाली घातली आणि आठवी ओळ वाचली.