दगडाखालचा सात

मला मुळात मशीनच घ्यायचं होतं. खाऱ्या पाण्याची टाकी स्वच्छ ठेवायला एक तर फेस काढून घाण उपसणारं मशीन लागतं, नाहीतर समुद्रातले जिवंत दगड. त्या दगडांच्या भोकांत राहणारे जंतू माशांची घाण पचवतात म्हणे. समुद्र कुठे, जबलपूर कुठे. न दिसणाऱ्या जंतूंच्या भरवशावर राहायला माझं मन घेईना.

पण मित्र म्हणाला, "मशीन काहून घेऊन राहिला यार? लाइट गेली की बंद. दगड घे. माझे मुंबईहून येऊनच राहिले, तुझेही मागवतो."

फॅक्टरीत आम्ही दोघं तपासणीच्या एकाच टेबलावर म्हातारे झालो. तो प्रत्येक भाग उलटून बघायचा, बुडाशी सुईनं नंबर कोरायचा आणि माझ्याकडे सरकवायचा. मी मापं घ्यायचो. त्याचा नंबर दिसला की ती बाजू मी पुन्हा बघत नसे. म्हणून मशीन राहिलं आणि दगड ठरले.

टाकी बायकोसाठी होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती खुर्चीला खिळली होती. मदन महल स्टेशनवरून आमच्या दोघांच्या पेट्या त्यानं एकट्यानंच सोडवल्या आणि माझे दगड स्वतःच्या हातांनी टाकीत रचले. ते पाहायला बायको वॉकर घेऊन पहिल्यांदाच उठली आणि स्वयंपाकघरातून त्याच्यासाठी लाडू घेऊन आली.

"माल पास. वहिनी, उद्याच मासे सोडा," तो म्हणाला.

थोडे दिवस थांबून पाणी तपासू का, असं मी विचारलं, तर त्याचा चेहरा उतरला. "अच्छा, आता माझी तपासणी करशील?" मी ओशाळलो आणि पाणी तपासायचं सोडून दिलं.

केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणले. नातवंडं हिंदीत उत्तरं देतात, त्याची कसर बायको या दोघांशी मराठीत बोलून भरून काढायची. तिसऱ्या दिवशी ते पाण्यावर येऊन धापा टाकायला लागले. पाचव्या दिवशी दोघंही गेले. "मीच जास्त खायला घातलं का हो?" हे ती दिवसभर विचारत राहिली.

टाकी रिकामी करताना मी पहिल्यांदाच एक दगड उलटा केला. बुडाशी सात कोरलेला होता, पोटात आडवी रेघ असलेला. तसा सात काढणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्याची जुनी टाकी बंद पडली तेव्हापासून त्याच्या गच्चीवर वाळत पडलेले, आतले जंतू मेलेले दगड होते ते. दगडांवरही नंबर टाकतो म्हणून तेव्हा मीच त्याची थट्टा केली होती.

तडक त्याच्या घरी गेलो. त्याच्या टाकीत दोन्ही पेट्यांमधले जांभळट, ओले दगड रचलेले होते. खालच्या कपाटात मशीन घुरघुरत होतं.

"माझे दगड कुठे आहेत?"

"मला कमी पडून राहिले होते," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुझी टाकी लहान, चालून जाईल वाटलं." आणि वर, "पण तू उलटून काहून नाही पाहिलं?"

काहून नाही पाहिलं, हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं. मी घरी आलो.

बायकोला म्हटलं, तू घातलेल्या खाण्यानं नाही मेले ते, आणि दगड तिच्या हातात देऊन सगळं सांगितलं. तिनं चष्मा लावून तो सात बराच वेळ पाहिला.

"आणि मी उठून त्यांना लाडू दिले," ती म्हणाली.